दोन हातांचे लिबरेटर

मॉडेल विमान आधी समोरून पाहावे, आणि तेही डोळा टेबलाच्या पातळीवर आणून. वरून रंग दिसतो, बाजूने आकडे आणि खुणा दिसतात; बांधणी दिसते ती समोरूनच. दोन्ही पंख सारखे उचलले आहेत का, चाके एकाच वेळी टेकली आहेत का, चारही इंजिनांची तोंडे एकाच दिशेला बघतात का, हे समोरून लपत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या बी-24 लिबरेटर बॉम्बरच्या बाबतीत ही परीक्षा फारच कडक होते. त्याचा पंख लांबलचक आणि अरुंद, धडाच्या वरच्या अंगाला बसवलेला. शिवाय मागे दोन उभ्या शेपट्या. त्या शेपट्या एकमेकींना समांतर नसतील तर बाकीचे काम कितीही देखणे असो, विमान पांगळे दिसते.

ज्या मॉडेलबद्दल लिहितो आहे ते पुण्यात एका स्नेह्यांच्या घरी काचेच्या कपाटात आहे. प्रमाण 1:72, म्हणजे खऱ्या विमानाचा साडेतेहतीस मीटरचा पंखविस्तार इथे साडेशेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. समोरून पाहिले तर उजवा पंख डाव्यापेक्षा किंचित वर आहे. मिलिमीटरभरही नसेल. पाहायची सवय नसलेल्याला हे कधीच दिसणार नाही. सवय असलेल्याला त्या फरकातून या मॉडेलचा सगळा इतिहास वाचता येतो. डावा पंख एका माणसाने बसवला आहे आणि उजवा दुसऱ्याने. त्या दोघांची कधी भेट झालेली नाही.

खोके जुन्या बाजारातून आलेले. एअरफिक्सचे बी-24जे, साचा 1963 चा. झाकणाचे कोपरे फाटलेले, आत प्लास्टिकच्या फ्रेमवर अजून लटकलेले काही भाग, काही सुटे, आणि मधोमध जोडलेले धड, त्याला एकच पंख. सोबत सूचनापत्रिका होती आणि तिच्यावर पेन्सिलीच्या बरोबरच्या खुणा होत्या. प्रत्येक पायरी झाली की एक खूण, नीट, चौकटीच्या आत. या खुणा डाव्या पंखाच्या पायरीपाशी थांबतात. त्यापुढे कागद कोरा.

अर्धवट सोडलेल्या किटला स्वतःची लिखापढी असते, फक्त ती शब्दांत नसते. हा पहिला माणूस कोण, कुठला, हे कळायला मार्ग नाही. पण तो कसा होता हे प्लास्टिकवरून बरेच कळते. वैमानिकांच्या बैठकीमागचा भाग त्याने हिरवट रंगाने रंगवला आहे, वायरलेसच्या टेबलाच्या कडा काळ्या केल्या आहेत, आणि मधल्या मोठ्या खिडकीशी उभ्या केलेल्या गनरला चेहरा दिला आहे. 1:72 मध्ये पुरा माणूस अडीच सेंटिमीटरच्या आत बसतो. त्याच्या डोक्यावर टोपी, गळ्याशी पिवळे जीवरक्षक जाकीट आणि डोळ्यांच्या जागी दोन सावल्या, इतके काम ज्याने केले त्याचा हात थरथरणारा नव्हता. धडाचे दोन अर्धे एकत्र चिकटले की यातले बहुतेक कायमचे अंधारात जाणार, हे त्याला ठाऊक असणार. तरी त्याने केले. म्हणजे उताविळीने किट बिघडवणाऱ्यांपैकी तो नव्हता.

मग बाहेरून मात्र तो असा का वागला? पंखांचे, शेपटीचे भाग फ्रेमवर असतानाच त्याने ऑलिव्ह रंग थापला आहे, जाड ब्रशाने, दोनदा. प्लास्टिकच्या किटचा गोंद खरे तर गोंद नसतोच. तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकमेकांत वितळून एक होतात. मध्ये रंगाचा थर आला की तो रंगालाच रंग चिकटवतो, सांधा कच्चा राहतो. म्हणून शेपटी हात लागताच सुटून आली. डाव्या पंखाच्या मुळाशी मात्र त्याने रंग खरवडून काढला होता. चूक त्याच्या लक्षात आली होती. तो सांधा पक्का झाला, पण पंख बसताना जरा खाली कलला आणि धड व पंख यांच्यामध्ये वरच्या बाजूने फट राहिली. नखाचे टोक जाईल एवढी.

आणि इथेच काम थांबले.

हे ठिकाण महत्त्वाचे आहे. मॉडेल करणाऱ्यांच्या कपाटात जी अर्धी विमाने पडून असतात ती कुठेही थांबलेली नसतात. बहुतेक याच टप्प्यावर थांबतात. धड बंद झालेले, पंख बसलेले किंवा बसायच्या बेतात, रंग अजून नाही. लोक कारणे वेगवेगळी सांगतात. परीक्षा आली, बदली झाली, मूल झाले, घर बदलले. ही कारणे खोटी नसतात, पण ती काही नेमकी याच टप्प्यावर येत नाहीत. माझे मत असे, की थांबण्याचे कारण पत्रिकेतच आहे. भाग 14 ला भाग 15 चिकटवा, मग 16 बसवा, असे सांगत ती तुम्हाला हाताला धरून नेते. फटीपाशी आल्यावर ती गप्प होते. लांबी, म्हणजे पुट्टी, किती भरायची, किती वाळू द्यायची, किती घासायची, घासताना गेलेला तपशील परत आणायचा की नाही, आणि ‘आता पुरे’ हे कधी म्हणायचे, यासाठी पत्रिकेत पायरीच नाही. तिथपर्यंत काम आज्ञाधारकपणाचे असते, तिथून पुढे ते निर्णयाचे होते. पेन्सिलीने खुणा करत आलेल्या माणसाला खूण करायला चौकट उरत नाही. खोके बंद होते.

अमेरिकेत विलो रन इथल्या फोर्डच्या कारखान्यात 1944 मध्ये जोर असताना जवळजवळ तासाला एक खरे लिबरेटर बाहेर पडत होते. सगळे कारखाने धरले तर या विमानाची संख्या 18 हजारांच्या वर गेली. तिथे निर्णय आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेले होते, हेच त्या वेगाचे गुपित. टेबलावरच्या प्रतिकृतीला वर्षानुवर्षे लागू शकतात ती त्याच्या उलट कारणाने.

स्नेह्यांनी हे खोके घेतले तेव्हा मला वाटले होते, ते पुढची पायरी हाती घेतील. त्यांनी मागच्या पायऱ्या हाती घेतल्या. बंद पडलेले मॉडेल पुन्हा सुरू करणाऱ्याची पारख इथे होते, कारण नवशिक्याला वाटते की जिथे सोडले तिथून सुरुवात करायची असते. तसे केले तर पहिल्याची चूक नव्या रंगाखाली जाते आणि रंग वाळल्यावर दुप्पट मोठी होऊन वर येते.

पहिल्यांदा रंग काढणे. जाड ऑलिव्ह थर घालवायला त्यांनी डेटॉल वापरले. मॉडेलवाल्यांमध्ये ही जुनी युक्ती आहे: भाग डेटॉलमध्ये बुडवून रात्रभर ठेवायचा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायचा. फक्त लगेच पाण्याखाली धरायचा नाही. सुटलेला रंग आणि डेटॉल यांत पाणी मिसळले की काळा चिकट राडा होतो आणि रिवेटांच्या खाचाखोचांत बसतो. आधी कोऱ्या डेटॉलनेच धुवायचे, मग साबण, मग पाणी. त्यानंतर इंजिनांची घरे. ती वेडीवाकडी चिकटली होती, म्हणून ती फ्रीजरमध्ये गेली. थंडीत जुना सांधा ठिसूळ होतो आणि पात्याचे टोक घालून पिळले की तुटतो. चारही तुटली. डावा पंख मात्र तुटला नाही. तो वितळून एकजीव झालेला होता, जोर लावला असता तर धडाचा तुकडा घेऊनच निघाला असता.

म्हणजे पहिल्या माणसाचा एक निर्णय असा उरला की जो बदलता येत नव्हता. इथून या मॉडेलचे खरे रसग्रहण सुरू होते.

उजवा पंख कसा बसवायचा? दोन सरळ वाटा होत्या. एक, तो शास्त्राप्रमाणे योग्य कोनात बसवायचा. मग विमान एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला चूक. दुसरी, तोही डाव्याइतकाच खाली घ्यायचा. मग दोन्ही बाजू सारख्या, आणि दोन्ही चुकीच्या. माणसाचा डोळा चुकीचा कोन माफ करतो, असमतोल माफ करत नाही, त्यामुळे स्पर्धेत उतरवायचे असते तर दुसरी वाट शहाणपणाची ठरली असती. स्नेह्यांनी तिसरी काढली. डाव्या पंखाला, वरची फट आवळत, जितके वर उचलता येईल तितके उचलले, आणि उजवा पंख योग्य कोनापासून थोडा खाली, त्या उचललेल्या डाव्याच्या जवळ आणून बसवला. दोघांनी एकेक पाऊल मागेपुढे यावे तसा हा करार आहे. त्यात उरलेला फरक म्हणजे तो समोरून दिसणारा, मिलिमीटरहून कमी.

हा करार मला फार आवडतो. त्यात सहानुभूती आहे म्हणून नव्हे. तो भूमितीच्या दृष्टीने चोख आहे म्हणून. शेपटीच्या आडव्या पात्याला त्यांनी या दोन्ही पंखांच्या सरासरीला समांतर धरले आहे. त्यामुळे डोळा पंखांवरून मागे शेपटीकडे जातो तेव्हा त्याला टेकायला एक सपाट रेषा मिळते आणि पुढचा फरक तो विसरतो. दोन्ही उभ्या शेपट्या त्या रेषेला काटकोनात आहेत. त्या बसवताना त्यांनी पुठ्ठ्याचा काटकोनी साचा करून दोन्ही बाजूंनी टेकवला होता, आणि सांधा वाळेपर्यंत हात लावला नव्हता.

पंखाच्या मुळाशी भरलेली लांबी आता बोटालाही कळत नाही. अर्धवट विणलेला स्वेटर दुसरीने पुरा केला की ज्या ओळीवर सुया बदलल्या ती ओळ कायम ओळखू येते, टाक्यांचा ताण बदललेला असतो. तसे इथे होईल अशी मला भीती होती. झाले नाही, कारण लांबी भरल्यावर त्यांनी फक्त सांधा घासला नाही, सांध्याच्या दोन्ही बाजूंचा बोटभर भाग घासला. चारशेचा वॉटर पेपर, मग आठशे, मग बाराशे, प्रत्येक वेळी पाणी लावून. मग प्रायमरचा हलका फवारा, मग उजेडासमोर तिरके धरून पाहणे, मग पुन्हा लांबी. हे काम वाचायला जितके कंटाळवाणे आहे तितकेच करायला आहे, आणि यातच या छंदाची निम्मी कला आहे.

हल्ली एक बोलणे ऐकू येते, की दुरुस्तीचा सांधा दिसू द्यावा, त्यात वस्तूचा इतिहास असतो. भांड्यांच्या बाबतीत असेल. मॉडेलच्या बाबतीत हे मला पटत नाही. 1:72 मधल्या विमानावर दिसणारा सांधा म्हणजे खऱ्या विमानावर हात घालता येईल एवढी भेग, आणि अशी भेग घेऊन कुठलेही लिबरेटर उडालेले नाही. पुढच्या एका काचेच्या बुरुजावर पहिल्या माणसाच्या गोंदाळलेल्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. स्नेह्यांनी तो घासून, पॉलिश करून, वर पारदर्शक ग्लॉसचा थर देऊन पुसून टाकला. ठेवायला हवा होता, असे एकाने हळहळून म्हटले. मला ते पुसणे योग्य वाटते. पहिला हात जपायचा तो त्याने घेतलेल्या निर्णयांत. त्याच्या सांडलवंडीत नव्हे.

दुसरी अडचण वजनाची. लिबरेटर पुढच्या चाकावर उभे राहणारे विमान आहे, आणि त्याचा मागचा भाग लांब व भारी आहे. खऱ्या विमानाच्या शेपटीखालीही टेकू असे, कारण मागे वजन गेले की ते शेपटीवर बसू शके. मॉडेलमध्ये नाकात शिसे भरले नाही तर ते हमखास बसते. पहिल्या माणसाने शिसे न घालताच धड बंद केले होते. पुढे लिबरेटरच्या नाकात जागा तरी किती? सगळी काच. तोडलेली इंजिनांची घरे इथे उपयोगी पडली. ती मागच्या चाकांच्या आसाच्या पुढे येतात, त्यामुळे त्यांत भरलेले वजन पुढच्या बाजूला मोजले जाते. आतल्या दोन घरांत गळाला लावायची शिशाची वजने गेली. तेवढ्याने भागले नाही, म्हणून पुढच्या चाकाच्या खोबणीच्या छताला भोक पाडून तिथून वैमानिकांच्या पायाखाली आणखी छर्रे सोडले. सगळे अराल्डाइटमध्ये घट्ट केले. पांढरा फेव्हिकॉल वापरला असता तर पुढे काही वर्षांनी शिशाला पांढरा गंज चढून, ते फुगून, नाक आतून फुटण्याची शक्यता असते. हे ज्यांनी एकदा पाहिले आहे ते विसरत नाहीत.

रिवेटांचे काय करायचे, हा प्रश्न 1963 च्या प्रत्येक साच्यापाशी येतो. त्या काळात साचे करणाऱ्यांना रिवेट म्हणजे तपशीलाची खूण वाटे. सगळे विमान उंचवट्यांनी भरून टाकलेले असे. पाव मिलिमीटर रुंदीचा ठिपका 72 ने गुणला तर जवळजवळ दोन सेंटिमीटर होतो. पूल बांधायला चालेल असा रिवेट. शुद्धतावादी ते सगळे घासून टाकतात आणि नव्या बारीक रेषा कोरतात. स्नेह्यांनी तसे केले नाही. सांध्यांजवळचे गेले ते जाऊ दिले, बाकीचे बाराशेच्या पेपरने फक्त खाली बसवले, पुरते घालवले नाहीत. परिणाम रंगानंतरच कळतो: उजेड तिरका पडला की पत्र्यावर रांगांची पुसट चाहूल येते, सरळ पडला की काहीच नाही. धातूचा खरा पत्रा असाच वागतो. माझ्या मते संपूर्ण मॉडेलमधला हा सर्वांत संयमी निर्णय आहे.

आता रंग. खोक्यात अमेरिकी ताऱ्यांची डिकल्स, म्हणजे चिकटवायच्या खुणा, होती, पिवळी पडलेली. पिवळी डिकल्स काचेच्या खिडकीला आतून चिकटवून उन्हात ठेवली की बरीच उजळतात, पुण्याच्या उन्हात तर नक्कीच. पण ती वापरायची नाहीत असे आधीच ठरले होते. हे विमान भारतीय हवाई दलाचे होणार होते, आणि ही निवड मला केवळ देशाभिमानाची वाटत नाही. भारतीय लिबरेटर ही मुळातच बंद पडलेली आणि पुन्हा उभी केलेली विमाने होती. युद्ध संपले तेव्हा लेंड-लीज कराराखाली आलेली ही अमेरिकी विमाने ब्रिटिशांना ना ठेवता येत होती, ना कुणाला देता येत होती. ती कानपूरला जमवून मुद्दाम मोडली गेली, पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून. मग बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये काढलेल्या कारखान्याने, त्या मोडतोडीतून एकाचे भाग दुसऱ्याला लावत उडण्यासारखी विमाने निवडली. कानपूरहून ती बंगळूरला उडवत नेली कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. तिथे त्यांची पुरी डागडुजी झाली. नोव्हेंबर 1948 मध्ये क्रमांक 5 ची तुकडी त्यांवर उभी राहिली. पुढे क्रमांक 6 ची तुकडी पुण्यातून सागरी टेहळणीसाठी ती उडवू लागली. 1968 अखेर ती निवृत्त झाली, तेव्हा जगात इतर कुठल्याही सैन्याकडे उडते लिबरेटर उरलेले नव्हते. नंतर यांतलीच काही ब्रिटन, कॅनडा, अमेरिका इथल्या संग्रहालयांनी मागून नेली. मोडून टाकणाऱ्यांनाच ती परत हवी झाली, हा त्यातला विनोद. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे.

स्नेह्यांनी आकडा घेतला एचई807. हे विमान 1974 मध्ये ब्रिटनला परत गेले आणि तिथल्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयाकडे आहे. त्यामुळे पाहायला छायाचित्रे भरपूर मिळतात.

भारतीय लिबरेटर निवडण्यात एक धोका होता. ही विमाने चंदेरी. आणि चंदेरी रंग मॉडेलवर सर्वांत निर्दय असतो. ऑलिव्ह हिरव्याखाली वाईट घासलेली लांबी लपते, धातूच्या रंगाखाली एक ओरखडासुद्धा रेषेसारखा चमकतो. ज्या किटचे सांधे मुळात बिघडलेले होते त्याला हाच रंग द्यायचा म्हणजे स्वतःच्या दुरुस्तीवर जाहीर तपासणी लावून घेणे. आधी चकचकीत काळा, त्यावर धातूच्या रंगाचे अतिशय पातळ फवारे, ही पद्धत. स्नेह्यांनी सारे फवारणीचे काम पावसाळा संपेपर्यंत लांबवले. पुण्याच्या श्रावणात हवेत इतकी ओल असते की लॅकर फवारला की त्यात बाष्प अडकते आणि काळ्यावर दुधाळ ढग उठतात. त्यांनी वाट पाहिली. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काम केले. पहिल्या माणसाचे थांबणे आणि हे थांबणे यांत केवढा फरक आहे!

धातूकाम जवळून पाहा. पंखांचे मुख्य पत्रे उजळ आहेत. काही तुकडे जरा गडद, काही निळसर, जशी पत्र्याची वेगवेगळी खेप दिसते तशी. पण पंखांच्या मागच्या कडेची हलणारी पाती आणि शेपटीवरची सुकाणूची पाती मंद, राखाडी-चंदेरी आहेत. ती खऱ्या विमानावर कापडाने मढवलेली असत, कापडावर चंदेरी डोप चढवलेला असे, आणि कापड पत्र्यासारखे चमकत नाही. हा फरक किती मॉडेलांवर दाखवला जात नाही, ते मोजायला बसलो तर रागच येईल. इथे तो आहे. चमक आणि मंदपणा यांच्यातल्या या सीमारेषेमुळे लांबट पंखाला हलतेपणा येतो. तो एका प्लास्टिकच्या पट्टीसारखा दिसत नाही.

पंखांवरची केशरी, पांढरी आणि हिरवी वर्तुळे डिकल नाहीत, फवारलेली आहेत. आधी पांढरे वर्तुळ, मग त्यावर गोल कापलेल्या टेपने झाकून बाहेरचे केशरी कडे, मग मधला हिरवा ठिपका. केशरी रंग नेमका जमला आहे. बहुतेकांचा तो एकतर नारिंगी होतो नाहीतर वीट. पण कडेला जिथे वर्तुळ रिवेटांवरून जाते तिथे टेप नीट बसलेला नाही आणि रंग अगदी सूक्ष्म पसरला आहे. हा रिवेट ठेवल्याचा दंड.

माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली लहान. पत्र्यांच्या सांध्यांत सोडलेला काळा वॉश जास्त झाला आहे, विशेषतः डाव्या पंखावर. 1:72 मध्ये सांधा काळा नसतो, सावलीचा असतो. तिथे धुरकट तपकिरी पुरला असता. दुसरी मोठी. पहिल्या माणसाने रंगवलेला तो गनर अजून खिडकीशी उभा आहे. विमान चाकांवर उभे, पंखे थांबलेले, पुढच्या चाकाला गुटका लावलेला, आणि हा मात्र समुद्राकडे बघत तयारीत. स्नेह्यांचे म्हणणे असे, की सागरी टेहळणीच्या विमानात पिवळे जीवरक्षक जाकीट शोभतेच. शोभते, पण हवेत. उभ्या विमानात तो पहारेकरी वाटतो, विमानाचा नव्हे तर पहिल्या माणसाच्या आठवणीचा. जिथे त्यांनी अंगठ्याचा ठसा निर्धाराने पुसला तिथे याला काढायला त्यांचे मन झाले नाही. काढायला हवा होता असे मी अजूनही म्हणतो. आणि तरी प्रत्येक वेळी कपाटापाशी गेलो की आधी त्या खिडकीत वाकून पाहतो, हेही खरे.

सर्वांत सुंदर काम मात्र कुणाला दिसत नाही. लिबरेटरच्या इंजिनांचे टर्बो पंखाखाली, इंजिनघरांच्या पोटाशी असत. त्यामुळे धुराचे डाग वर नव्हे, खाली पडत. पंखाच्या वरच्या बाजूला काळे फराटे ओढलेली लिबरेटरची मॉडेले मी ढीगभर पाहिली आहेत. ती सगळी दुसऱ्या विमानाच्या छायाचित्रावरून केलेली असतात. इथे वरची बाजू स्वच्छ आहे. विमान उलटे केले की पोटाखाली चार डाग दिसतात, टर्बोच्या तोंडाशी पांढुरके करपलेले, मागे जाताना तपकिरी, मग काळसर, आणि वाऱ्याच्या दिशेने पातळ होत पंखाच्या कडेला विरणारे. आतल्या दोन इंजिनांचे डाग चाकांच्या खोबणीपाशी वळतात. हवा तिथे खरोखर कशी फिरली असेल याचा विचार केल्याशिवाय असा डाग काढता येत नाही. ग्राफाइटची पूड आणि पेस्टलचा भुगा एवढेच साहित्य आहे, ब्रश नव्हे, बोटाने चोळलेले.

कपाटात विमान चाकांवर उभे असल्याने हे सगळे काचेच्या फळीकडे तोंड करून पडले आहे. फळीवर आरसा घाला, असे मी त्यांना दोनतीनदा सुचवून पाहिले. ते तयार नाहीत. आरशात डाग दिसतील हे त्यांना मान्य आहे. पण पुढच्या चाकाच्या खोबणीत शिसे सोडायला पाडलेले ते भोकही दिसेल, असे ते म्हणतात.